चुन्याची पुडी डोळ्यात फुटली, तीन आठवडे झाले. बुबुळ लगेच बदलावे का?

प्रश्न थोडक्यात असा : भाचा पाच वर्षांचा. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी खेळता खेळता दाबली, ती फुटली आणि चुना उजव्या डोळ्यात गेला. घरच्यांनी तांब्याभर पाण्याने डोळा धुतला, आजीने तूप घातले. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचायला तीन तास लागले. तिथून मोठ्या नेत्ररुग्णालयात पाठवले. तिथे भूल देऊन चुन्याचे कण काढले आणि डोळ्यावर पडदा बसवला. आज तीन आठवडे झाले, बुबुळ पांढुरके दिसते. डॉक्टर म्हणतात मूळपेशी जळाल्या आहेत, शस्त्रक्रियेचे सहा महिन्यांनी बघू. नातेवाईक म्हणतात, मुंबईला न्या आणि नेत्रदानातले बुबुळ ताबडतोब बसवून घ्या. मामांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. थांबणे बरोबर आहे का? दृष्टी येईल का? स्टेरॉइडचे थेंब घालत राहावे का?

उत्तर :

मामा, तुमचे डॉक्टर बरोबर सांगत आहेत. आत्ता बुबुळ बदलू नका. जळलेल्या आणि सुजलेल्या डोळ्यावर तिसऱ्या आठवड्यात बसवलेले दात्याचे बुबुळ टिकत नाही. ते खराब झाले की पुढच्या शस्त्रक्रियेची वाटही अवघड होते. मात्र सहा महिने थांबायचे म्हणजे सहा महिने काहीच करायचे नाही, असा अर्थ काढू नका. हे महिने उपचारांचेच आहेत. पोराची दृष्टी किती परत येईल, हे बऱ्याच अंशी या काळात ठरते. त्यामुळे नेमके काय जळले आहे आणि डॉक्टर कशाची वाट बघत आहेत, हे घरातल्या मोठ्या माणसांना नीट समजायला हवे.

चुना हा क्षार आहे. आम्ल डोळ्यात गेले की वरच्या थरातली प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळेच आम्लाची आत जाण्याची वाट थोडी अडते. क्षाराचे तसे नाही. पेशींच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात, त्यांचा तो साबण करतो आणि पेशी फोडत आत शिरतो. अमोनिया किंवा कॉस्टिक सोडा काही मिनिटांत बुबुळ पार करून डोळ्याच्या आतल्या पाण्यात पोचतो. चुना त्यांच्यापेक्षा सावकाश आत जातो, पण त्याचा लगदा चिकट असतो. वरच्या पापणीमागे जी खोल खाच असते तिथे तो जाऊन बसतो आणि पाझरत राहतो. वरून डोळा स्वच्छ दिसतो, आत मात्र जळणे चालूच असते. भूल देऊन कण काढावे लागले ते यासाठी. पाच वर्षांचे मूल जागेपणी वरची पापणी दोनदा उलटू देत नाही आणि एकदा उलटून ती खाच दिसत नाही. शस्त्रक्रियागृहात सूक्ष्मदर्शकाखाली पापणी दुसऱ्यांदा वळवली की रव्याच्या दाण्यासारखे पांढरे कण ओळीने चिकटलेले दिसतात. नुसत्या पाण्याच्या धारेने ते सुटत नाहीत. ईडीटीए या चुना सोडवणाऱ्या रसायनाच्या द्रावणात भिजवलेल्या कापसाच्या काडीने एकेक घासून काढावे लागतात.

आता मूळपेशींविषयी. काळे बुबुळ आणि पांढरा भाग जिथे भेटतात, ती गोल कड तुम्ही रोज आरशात बघता. तिला आम्ही लिंबस म्हणतो. बुबुळाचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया (बुबुळ बदलणे म्हणजे हाच बदलणे). तो सर्वांत वरच्या एका पातळ पेशीथराने झाकलेला असतो. तो थर सतत झिजतो आणि सतत नवा होतो, आणि या नव्या पेशी त्या कडेवरून येतात. भातशेतीत तरवा असतो तशी ही कड. रोपे तिथे तयार होतात आणि मग शेतात जातात. शेतातले पीक गेले तरी तरवा शाबूत असेल तर पुन्हा लावणी होते. तरवाच जळाला तर मोकळ्या शेतात बाजूचे तण शिरते. डोळ्यातले तण म्हणजे पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा आणि तिच्या रक्तवाहिन्या. त्या बुबुळावर चढतात आणि बुबुळ धूसर, लालसर, खडबडीत होते. लोक म्हणतात ‘फूल पडले’. तुमच्या भाच्याच्या डोळ्यात हेच सुरू झाले असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून भाजलेल्या डोळ्याकडे बघताना आम्ही बुबुळ किती पांढरे दिसते त्याआधी कडेचा किती भाग जळला ते मोजतो. घड्याळाच्या तबकडीसारखे बारा तास धरायचे आणि त्यातले किती तास गेले ते लिहायचे. २००१ साली डॉ. हरमिंदर दुआ यांनी मांडलेले सहा पायऱ्यांचे वर्गीकरण याच हिशोबावर चालते. तीन तासांपर्यंत कड गेली असेल तर डोळा बहुधा स्वतःच सावरतो. नऊच्या पुढे गेली तर वाट लांबची असते आणि बाराच्या बारा गेली तर ती सहावी, सर्वांत वाईट पायरी. तुमच्याकडच्या कागदावर ‘ग्रेड’ आणि तासांचा आकडा असेल. नसेल तर पुढच्या वेळी विचारा. दृष्टीबद्दल मी काहीही सांगितले तरी ते त्या आकड्यावर अवलंबून राहणार.

या दुखापतीत नातेवाईकांची हमखास फसगत होते ती एका गोष्टीने. ते सांगतात, ‘डॉक्टर, डोळा अजिबात लाल नाही, पांढराशुभ्र आहे, पोरगं रडतही नाही.’ हे ऐकले की आम्हाला जास्त काळजी वाटते. लाल डोळ्यात रक्त वाहते आहे. चिनीमातीसारखा पांढरा डोळा म्हणजे कडेच्या रक्तवाहिन्याच जळून बंद पडल्या आहेत. दुखत नाही, कारण बुबुळाच्या नसाही जळाल्या आहेत. पहिल्या दिवशी लाल होऊन ठणकणारा डोळा आणि पहिल्या दिवशी पांढरा, शांत डोळा यांत पहिला पुष्कळदा बरा होतो. तुमच्या ओळखीत कुणावर असा प्रसंग आला तर हे लक्षात ठेवा, कारण ‘फार काही झालेले नाही’ असे समजून दोन दिवस घरी थांबलेले रुग्ण आम्ही नेहमी बघतो.

डोळ्यावर बसवलेला पडदा हा वारेचा पडदा असतो, म्हणजे गर्भाभोवतीचे आतले पातळ आवरण. सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीने तो घेतात, तिच्या रक्ताच्या तपासण्या करतात आणि निर्जंतुक करून साठवतात. भाजलेल्या डोळ्यांसाठी तो १९४० च्या दशकातच वापरून पाहिला होता, पण नीट रुळला तो १९९५ नंतर. तो सूज उतरवतो, नव्या पेशींना चालायला जमीन देतो, पापणी आणि बुबुळ एकमेकांना चिकटू देत नाही. मध्यम भाजलेल्या डोळ्यात त्याने जखम लवकर भरते. फार खोल भाजलेल्या डोळ्यात तो वेळ मिळवून देतो, पण गेलेल्या मूळपेशी परत आणत नाही. पडदा दोन-तीन आठवड्यांत विरघळतो, तेव्हा ‘पडदा निघून गेला’ म्हणून घाबरू नका. गरज वाटली तर डॉक्टर दुसरा बसवतील.

स्टेरॉइडबद्दल तुमची भीती निराधार नाही, पण अर्धवट आहे. भाजल्यानंतर पहिले आठवडा-दहा दिवस स्टेरॉइडचे थेंब भरपूर लागतात. सूज जितकी जास्त, तितक्या उरलेल्या मूळपेशीही मरतात. त्यानंतर हिशोब बदलतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बुबुळाच्या आतला तंतूंचा थर एकीकडे विरघळत असतो आणि दुसरीकडे नव्याने बांधला जात असतो. वरची त्वचा, म्हणजे बुबुळावरचा तो पेशीथर, अजून भरलेली नसताना जोरदार स्टेरॉइड चालू ठेवले तर बांधणी मंदावते आणि बुबुळ पातळ होत जाते. त्यामुळे याच टप्प्यावर डॉक्टर थेंबांची संख्या कमी करतात किंवा औषध बदलतात. तुम्ही आज बरोबर त्या टप्प्यावर आहात. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून तेच थेंब पुन्हा आणून घालत राहणे धोक्याचे आहे आणि भीतीने एका दिवसात बंद करणेही धोक्याचे. दर आठवड्याला दाखवा आणि त्या आठवड्याचीच चिठ्ठी पाळा.

या भेटीत एक प्रश्न आवर्जून विचारा : ‘वरची त्वचा पूर्ण भरली का?’ डॉक्टर पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, उघडी जखम हिरवी चमकते. तीन आठवड्यांनंतरही मोठा भाग हिरवा दिसत असेल तर काही महिने तसेच थांबायचे नसते. दुसरा पडदा, पापण्या काही काळ अर्धवट शिवून ठेवणे किंवा मुलाच्या स्वतःच्या रक्ताच्या सीरमचे थेंब, असे काहीतरी लगेच करावे लागते. क जीवनसत्त्व चालू असेल तर बंद करू नका. क्षाराने भाजलेल्या डोळ्याच्या आतल्या पाण्यातले क जीवनसत्त्व एकदम घटते आणि त्याच्याशिवाय नवे तंतू विणले जात नाहीत. मोठ्यांना ते दिवसाला काही ग्रॅम देतात, मुलांना वजनाप्रमाणे. मोठ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही देतात, कारण त्या बुबुळ विरघळवणाऱ्या विकरांना आवरतात. आठ वर्षांखालच्या मुलाच्या दातांवर आणि हाडांवर मात्र त्यांचा परिणाम होतो. शेजारच्या कुणाच्या चिठ्ठीत पाहून त्या आणू नका.

दोन गोष्टी मागे पडतात आणि नंतर महागात जातात. एक, डोळ्याचा दाब. चुना पाण्याचा निचरा होणाऱ्या जाळीपर्यंत पोचलेला असतो, वर स्टेरॉइडही मुलांत दाब चटकन वाढवते. पुढे बुबुळ स्वच्छ झाले आणि तोवर काचबिंदूने मागची नस वाळलेली असली, तर सगळ्या मेहनतीवर पाणी फिरते. दर भेटीत दाब मोजला जातो ना, हे बघा. मूल मोजू देत नसेल तर अधूनमधून भूल देऊन तपासतात, त्याला नाही म्हणू नका. दुसरी गोष्ट म्हणजे चिकटणे. पापणीची आतली बाजू आणि डोळा, दोन्हींवर जखमा आहेत आणि समोरासमोरच्या जखमा एकमेकींना धरतात. मुलाला वर बघायला सांगा आणि खालची पापणी हलकेच खाली ओढा. आतून दोरीसारखा पट्टा ताणला जाताना दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा. सुरुवातीला तो सोडवणे सोपे असते. वर्षभराने डोळ्याची हालचालच बांधली जाते आणि तोंडातली किंवा दुसऱ्या डोळ्यातली त्वचा आणून नवी खाच घडवावी लागते.

डोळा अचानक जास्त दुखू लागला, पू आला, बुबुळावर पिवळट-पांढरा ठिपका दिसला किंवा एकदम गरम पाणी वाहिल्यासारखे झाले, तर रात्र असली तरी निघा. बुबुळाला भोक पडण्याची वेळ आली तर नेत्रदानातल्या बुबुळाचा तुकडा तातडीने लावतात. तेव्हा हेतू डोळा वाचवण्याचा असतो. ते ठिगळ असते, त्याने दृष्टी येईल अशी अपेक्षा ठेवायची नाही.

नातेवाईकांचा आग्रह चांगल्या मनाने आहे, आणि त्यांना वाटते तसा आधार इतिहासातही आहे. माणसाच्या बुबुळाचे पहिले यशस्वी रोपण झाले तेच मुळी चुन्याने जळलेल्या डोळ्यावर. ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स या आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या गावी डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांनी एका मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर ते केले. दाता होता अकरा वर्षांचा मुलगा, ज्याचा जखमी डोळा काढावा लागला होता. एका डोळ्यातले रोपण गेले, दुसऱ्यातले स्वच्छ राहिले आणि तो माणूस पुन्हा कामावर गेला. पण ती शस्त्रक्रिया अपघातानंतर बऱ्याच महिन्यांनी, सूज शमल्यावर झाली होती. आणि यश आलेल्या त्या डोळ्याची कड निदान काही प्रमाणात तरी शाबूत असली पाहिजे, असे आजच्या ज्ञानावरून म्हणता येते. कारण दात्याच्या बुबुळाबरोबर येणारा वरचा पेशीथर काही महिनेच पुरतो. पुढे रुग्णाच्या स्वतःच्या कडेने पेशी पुरवायच्या असतात. कड मेलेली असेल तर नव्या बुबुळावरही तीच त्वचा, त्याच रक्तवाहिन्या चढतात आणि रक्तवाहिन्या आल्या की शरीर ते बुबुळ परके म्हणून नाकारते. असे दोनदा-तीनदा बुबुळ बदललेले डोळे आमच्याकडे येतात. प्रत्येक वेळी काम आधीपेक्षा कठीण झालेले असते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पापण्या आणि दाब, मग मूळपेशी, आणि बुबुळ सर्वांत शेवटी, तेही गरज पडली तर.

मूळपेशींच्या रोपणाबद्दल मात्र तुम्हाला मनापासून धीर देता येईल असे बरेच आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या केनियन आणि त्सेंग या नेत्रतज्ज्ञांनी चांगल्या डोळ्याच्या कडेचे मोठे तुकडे घेऊन जळलेल्या डोळ्यावर लावले. डोळे सुधारले, पण चांगल्या डोळ्यातून एवढे घ्यायला सगळेच कचरत. १९९७ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी अगदी छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत पेशी वाढवून दाखवल्या. ते उत्तम चालले, पण तसली प्रयोगशाळा चालवण्याचा खर्च फार. मग २०१२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतले डॉ. विरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत प्रसिद्ध केली, तिला स्लेट म्हणतात. प्रयोगशाळेची पायरी तिने गाळून टाकली. चांगल्या डोळ्याच्या वरच्या कडेवरून जेमतेम दोन बाय दोन मिलिमीटरचा पातळ तुकडा घ्यायचा. जळलेल्या बुबुळावर चढलेली त्वचा सोलून काढायची, त्यावर वारेचा पडदा फायब्रिन या रक्तातल्या प्रथिनाच्या गोंदाने चिकटवायचा. त्या तुकड्याचे आठ-दहा बारीक कण करून पडद्यावर गोलाकार मांडायचे, मधली बघण्याची जागा मोकळी सोडायची आणि वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायची. दोनेक आठवड्यांत कणांतून पेशी पसरून एकमेकींना भेटतात. डोळ्यातच शेती होते. ही पद्धत आपल्या देशात घडली आणि आज जगभर वापरली जाते, याचा मला अभिमान वाटतो.

त्याच संस्थेने २०१६ मध्ये अशा १२५ रुग्णांचा अनुभव मांडला. सगळ्यांचा एकच डोळा भाजलेला होता आणि त्यात जवळपास निम्मी मुले होती. ७६ टक्के डोळ्यांत पृष्ठभाग चांगला टिकला. जिथे अपयश आले तिथे दोन गोष्टी वारंवार आढळल्या : पापणी फार चिकटलेली असणे आणि मूळपेशींसोबत त्याच वेळी बुबुळही बदलणे. घाई करू नका असे मी सांगतो त्यामागे हा अनुभव आहे. कित्येक मुलांत स्लेटनंतर बुबुळ इतके निवळते की ते बदलण्याची वेळच येत नाही. आली तरी वर्षभर थांबून आणि शक्य असेल तर फक्त वरचे थर बदलून काम होते. आतला थर मुलाचाच राहतो आणि नाकारले जाण्याचा धोका कमी होतो.

चांगल्या डोळ्याला काही होणार नाही ना, हा प्रश्न मुलाची आई विचारणारच. एवढासा तुकडा घेतल्याने त्या डोळ्याच्या दृष्टीवर परिणाम होत नाही, जागा काही दिवसांत भरून येते. मात्र त्या डोळ्यातही चुन्याचा शिंतोडा गेला नव्हता, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. दोन्ही डोळे जळले असते तर आई-वडिलांच्या किंवा भावंडाच्या डोळ्यातून तुकडा घ्यावा लागला असता आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ चालवावी लागली असती. तुमच्या भाच्याला त्या वाटेने जायचे नाही, आणि ही मोठी जमेची बाजू आहे.

दृष्टी येईल का? पाच वर्षांच्या मुलात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मेंदू बघायला शिकतो तो साधारण सात-आठ वर्षांपर्यंत. या वयात एका डोळ्यातून धूसर चित्र येत राहिले तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पुढे बुबुळ आरशासारखे झाले तरी तो डोळा आळशी राहतो. म्हणून मोठ्या माणसात आम्ही निवांत वर्षभर थांबतो, तसे मुलात थांबत नाही. सूज पूर्ण उतरली की मग उशीर करत नाही. तोवर जळलेल्या डोळ्याने मुलाला थोडेफार दिसत असेल तर चांगला डोळा रोज काही वेळ पट्टीने झाकण्याचा व्यायाम केव्हा सुरू करायचा, हे डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रियेनंतर तो नक्कीच करावा लागेल, चष्म्यासह, महिनोन् महिने. मूल चिडेल, पट्टी काढून फेकेल, शाळेत पोरे हसतील. शस्त्रक्रिया छान होऊनही दृष्टी कमी राहिलेली जी मुले मी बघितली, त्यांत पुष्कळांची पट्टी मध्येच सुटलेली होती. याची जबाबदारी घरात एकाने आपल्या अंगावर घ्यावी. आईला शक्य नसेल तर मामाने घ्यावी.

आता घरातल्या बाकी मुलांसाठी. चुन्याची ती पुडी घरात अजून असेल तर आजच बाहेर काढा. प्लास्टिकची टम्म भरलेली छोटी पिशवी मुलाला खेळणेच वाटते. ते दाबते, दाताने फाडते आणि चेहऱ्यासमोर धरलेली असतानाच ती फुटते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी या पुड्यांच्या धोक्याचा इशारा २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. टपरीवर आजही त्या तशाच मिळतात. तंबाखू सुटत नसेल तर निदान चुना झाकणाच्या डबीत, उंचावर ठेवा. बागायतदारांनाही हेच सांगणे आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि विदर्भातल्या संत्र्याच्या बागांत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी कळीचा चुना विरवतात. तो उकळतो आणि उडतो. विरवणाऱ्याने बंद बाजूंचा गॉगल घालावा आणि पाण्याची भरलेली बादली हाताशी ठेवावी.

आणि कुणाच्या डोळ्यात गेलाच, तर पाणी. जवळ असेल ते, नळाचे, हापशाचे, माठातले. मिनरल वॉटर शोधायला जाऊ नका. ‘चुन्यावर पाणी घातले की तो तापतो’ म्हणून काही लोक थांबतात. पानाचा चुना आधीच विरलेला असतो, तो तापत नाही. कोरडी कळी किंवा भुकटी उडाली असेल तर चेहऱ्यावरची आधी कोरड्या फडक्याने झटका आणि मग भरपूर पाणी ओता. भरपूर पाण्यात उष्णता वाहून जाते. लहान मुलाला चादरीत हातांसकट गुंडाळा, भाजलेल्या डोळ्याच्या कुशीवर निजवा, एकाने डोके धरावे, दुसऱ्याने दोन बोटांनी पापण्या फाकवून नाकाकडून कानाकडे धार धरावी. पापणीखाली दिसणारा चुन्याचा गोळा ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने उचला. मूल किंचाळेल, तुमचा जीव तुटेल, तरी अर्धा तास धार थांबवू नका. गाडीतही बाटलीने चालू ठेवा. तूप, दूध, एरंडेल, मध, गुलाबपाणी यातले काहीही घालू नका. तुपाने कण झाकले जातात आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. लिंबू किंवा व्हिनेगरने चुना ‘मारायचा’ प्रयत्न तर मुळीच नको, त्यात उष्णता निर्माण होते आणि वर आम्लाची नवी जखम होते. आजीला मात्र बोल लावू नका. त्यांनी त्यांच्या माहितीप्रमाणे मायेने केले.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर-सिस्टर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढेच. पुढे पाठवण्याआधी धुवा. भुलीचा एक थेंब टाका, सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटची बाटली नेहमीच्या नळीने लावून धार डोळ्यात सोडा, एक-दोन लिटर जाऊ द्या. पीएचची पट्टी नसेल तर लघवी तपासायच्या पट्टीवरचा पीएचचा चौकोन खालच्या पापणीत टेकवा आणि चांगल्या डोळ्याशी ताडून बघा. सातच्या आसपास आला की पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा बघा. परत चढला तर कुठेतरी कण शिल्लक आहे. ॲम्ब्युलन्स दारात उभी असली तरी हा अर्धा तास आधी.

फटाके, उकळते तेल, वाफ यांनी भाजलेल्या डोळ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पापणी क्षणात मिटते आणि बुबुळ पुष्कळदा वाचते, पण पापणीची कातडी भाजते. महिन्याभरात ती आकसते, डोळा पूर्ण मिटत नाही आणि उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडून बिघडते. त्यामुळे तिथे झोपेत डोळा मिटतो की नाही यावर लक्ष ठेवायचे. संडास साफ करायचे आम्ल किंवा बॅटरीचे पाणी गेले तरी पहिला उपचार तोच, पाणी.

पुढच्या भेटीसाठी : पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावा, दर आठवड्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून मोबाइलवर डोळ्याचा एक फोटो काढून ठेवा. दुसरे मत घ्यायचे असेल तर जरूर घ्या, मात्र कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडेच घ्या, आणि स्लेट तिथे नेहमी केली जाते का हे विचारा. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद, चेन्नईची शंकर नेत्रालय, मदुराईचे अरविंद, दिल्लीचे एम्स ही त्यातली जुनी ठिकाणे. राज्यात उपचार घेणार असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता भाग बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा, भुलीच्या तपासण्यांचेही विचारा. आणि डाव्या, चांगल्या डोळ्यासाठी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या काचेचा चष्मा या महिन्यातच करून घ्या, नंबर नसला तरी. विटीदांडू असो की क्रिकेट, तो चष्मा घातल्याशिवाय त्याला मैदानात सोडू नका.